गाडी आधी की पैसे आधी?

पत्र थोडक्यात असं: साठी ओलांडलेल्या एका ताईंना यजमानांच्या माघारी त्यांची गाडी विकायची आहे. त्यांना स्वतःला गाडी येत नाही आणि दीड वर्षं ती नुसती उभी आहे. जाहिरात टाकल्यावर दोन गिऱ्हाइकं पुढे आली. पहिलं प्रत्यक्ष आलं. त्या माणसाने बॉनेट उघडलं, खाली वाकून चॅसी पाहिली, यजमानांनी ठेवलेली पेट्रोल आणि सर्व्हिसिंगची वही पानन् पान वाचली, आणि शेवटी किंमत बरीच कमी करायला सांगितली. ताईंना ते लागलं. दुसऱ्याने फक्त फोटो पाहिले आणि मागितलेली किंमत जशीच्या तशी मान्य केली. तो फोनवर फार आपुलकीने बोलतो. स्वतः कामानिमित्त दूर असल्यामुळे गाडी न्यायला वाहतूकवाला पाठवणार आहे. ताईंच्या खात्यात त्याने चेक भरला, तो ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा. वरचे पैसे वाहतूकवाल्याला आगाऊ पाठवा, असं त्याचं म्हणणं. खात्यात रक्कम दिसते आहे, फोनवर मेसेजही आला आहे. रविवारी गाडी न्यायची ठरली आहे. मुलगा म्हणतो, ही फसवणूक आहे. ताई विचारतात, "पैसे तर आलेत. आता संशय घेतला तर त्या माणसाचा अपमान होणार नाही का?"

ताई,

आधी तातडीचं. वरचे पैसे कुणालाही पाठवू नका आणि रविवारी गाडी देऊ नका. हे वाचेपर्यंत पैसे पाठवून झाले असतील, तर बाकीचं उत्तर नंतर वाचा. आत्ता उठून बँकेला फोन लावा, आणि तोही कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर, त्या माणसाने दिलेल्या नंबरवर नव्हे. त्यानंतर पोलिसांत तक्रार करा. अशा पैशांना पाय फार लवकर फुटतात. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळायच्या आत ते अडवायचे, तर हातात काही तासच असतात. त्याच्याशी झालेलं बोलणं, मेसेज, फोटो यातलं काहीही रागाच्या भरात पुसू नका. आणि थोड्या दिवसांनी कुणी "तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा" म्हणत आला, तर तोही त्याच माळेतला आहे असं समजा.

आता तुमच्या वाक्याकडे येऊ. "पैसे तर आलेत." सगळं याच वाक्यावर उभं आहे, म्हणून ते जरा तपासून बघू.

चेक म्हणजे पैसे नाहीत. तुझ्याकडच्या खात्यातून अमुक रक्कम दे, असं एका बँकेला लिहिलेलं ते पत्र आहे. ते पत्र खरं आहे का, सही खरी आहे का, खात्यात तेवढी रक्कम आहे का, हे ती दुसरी बँक बघणार आणि मग होकार किंवा नकार देणार. मधल्या काळात अनेक बँका ग्राहकाची सोय म्हणून रक्कम खात्यात दाखवतात, काही ठिकाणी ती काढूही देतात. म्हणून स्क्रीनवर आकडा दिसतो. चेक खोटा किंवा चोरीचा निघाला की तो आकडा तसाच निघून जातो. कधी दोन दिवसांनी जातो, कधी काही आठवड्यांनी. तोवर तुम्ही वाहतूकवाल्याला पाठवलेले पैसे मात्र तुमच्या स्वतःच्या पुंजीतले, खरेखुरे, आणि ते परत येत नाहीत. या फसवणुकीचं सगळं यंत्र एवढंच आहे: त्याने कागद दिला, तुम्ही पैसे दिले. गाडी गेली नाही तरी त्याचं काम झालेलं असतं. पुष्कळदा गाडीत त्याला रसही नसतो. वरच्या रकमेसाठीच हा सगळा घाट घातलेला असतो. तो वाहतूकवालाही बहुधा कुणी वेगळा माणूस नसतो. नाव दुसरं आणि खातं दुसरं, एवढाच काय तो फरक.

तुमच्या मुलाला एक प्रश्न विचारता आला असता, तो तुम्हीच स्वतःला विचारून बघा. जो माणूस अख्ख्या गाडीचे पैसे तुम्हाला देऊ शकतो, त्याला वाहतुकीचे तेवढे पैसे परस्पर देता येऊ नयेत? मधे तुम्ही कशाला?

रविवारही उगाच निवडलेला नाही. त्या दिवशी शाखा बंद, चौकशी करायला कुणी नाही. सोमवारी उघडताच बँकेत जा. तिथे "पैसे जमा झालेत का?" असं विचारू नका, कारण समोरचा स्क्रीन पाहून हो म्हणेल. असं विचारा: "हा चेक वटला आहे का? आणि आता ही रक्कम कुठल्याही कारणाने माझ्या खात्यातून परत जाऊ शकते का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट "नाही" येईपर्यंत त्या रकमेला हात लावू नका. तुम्हाला वाटणारी शंकाही त्यांना सांगून ठेवा, म्हणजे उद्या चेक परत आला तर तुम्ही आधीच सांगितलं होतं याची नोंद राहील.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त जाणवलं ते वेगळंच. पहिल्या गिऱ्हाइकाबद्दल तुम्ही लिहिता, "त्याने ह्यांच्या गाडीत खोटच काढली." दुसऱ्याबद्दल लिहिता, "ह्यांची गाडी मी जपेन म्हणाला." ताई, दीड वर्षापूर्वी माणूस गेलेलं घर आहे. त्याची वस्तू परक्याच्या हाती देताना कुणीतरी असं म्हणावं, असं वाटणारच. त्यात तुमचा भाबडेपणा नाही. पण ज्याचा हा धंदाच आहे, त्याला नेमकं हेच ऐकू येतं. जाहिरातीत यजमानांचा उल्लेख तुम्ही केला होता, आणि तिथूनच त्याला शब्द मिळाले.

पहिल्या माणसाने काय केलं ते आता पुन्हा आठवून बघा. त्याने अर्धा तास गाडीखाली मान घातली. ती वही वाचली, एका पानावर थांबून क्लच कधी बदलला ते विचारलं. किंमत पाडून मागितली. हे सगळं माणूस तेव्हाच करतो जेव्हा त्याच्या खिशातून खरे पैसे जाणार असतात. त्याला तुमचीही भीती वाटत असणार. गाडी अपघातातली तर नाही ना, कागद नीट आहेत ना, या बाई सांगतात ते खरं ना? खऱ्या गिऱ्हाइकाला धास्ती असते. दुसऱ्याला तुमच्याबद्दल कसलीच शंका आली नाही, गाडी सुरू होते का एवढंही त्याने विचारलं नाही. तुम्ही ज्याला त्याचा विश्वास समजलात, तो विश्वास नव्हता. त्याचं काही पणाला लागलेलंच नव्हतं.

म्हणून माणूस चांगला की वाईट, हा प्रश्न मी बाजूला ठेवायला सांगेन. आवाजावरून कुणालाच ते कळत नाही, मलाही नाही. बघायचं एवढंच, की गाडी हातातून गेली आणि पैसे अजून पक्के झाले नाहीत, अशी फट व्यवहारात कुठे राहते का? फट असली तर कुणाच्या बाजूला?

ही फट मोठमोठ्या बँकांनाही भोवली आहे. जर्मनीत कोलोन शहरात हेर्स्टाट नावाची बँक होती. 26 जून 1974 रोजी तिथला कामाचा दिवस संपता संपता सरकारी यंत्रणेने ती बंद केली. त्या दिवशी तिच्याशी चलनाचा सौदा केलेल्या कित्येक बँकांनी ठरल्याप्रमाणे जर्मन मार्क देऊन टाकले होते. बदल्यात डॉलर मिळायचे होते न्यूयॉर्कमध्ये, आणि तिथे तेव्हा सकाळ होती. मार्क गेले, डॉलर आलेच नाहीत. दोन्ही बाजूंना मुरलेले बँकर होते, तरी नुकसान झालं, कारण एकाने आधी दिलं आणि दुसऱ्याने नंतर द्यायचं होतं. या धोक्याला बँकिंगमध्ये आजही हेर्स्टाटचंच नाव आहे. पुढे 2002 पासून अशी व्यवस्था चालू झाली की दोन्ही बाजूंची रक्कम एकाच वेळी पुरी होईल, नाहीतर कुणाचीच नाही. त्यात कुणाला अपमान वाटला नाही. तुम्ही तुमच्या गाडीसाठी तेवढंच मागायचं आहे.

मी माझी जुनी गाडी विकली तेव्हाची गोष्ट सांगते. घेणारं जोडपं तरुण होतं. आम्ही तिघं कामाच्या दिवशी सकाळी त्यांच्या बँकेच्या शाखेत बाकावर बसलो. कागद सह्या करून माझ्या मांडीवर, किल्ली माझ्या मुठीत. त्याने आधी अगदी किरकोळ रक्कम पाठवली. ती माझ्या खात्यात आली, पाठवणाऱ्याच्या जागी त्याचंच नाव दिसलं, तेव्हा त्याने उरलेली रक्कम पाठवली. आणि मग ती येईना. दहा मिनिटं गेली, वीस गेली. त्याच्या फोनवर "यशस्वी" असं हिरव्या अक्षरात दिसत होतं आणि माझ्या खात्यात काही नाही. तो तिसऱ्यांदा फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "बघा ना, गेलेत." मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मूठ उघडून किल्ली देऊन टाकावी असं वाटलं. घामाने किल्ली ओली झाली होती. मी म्हटलं, "तुमच्याकडून गेलेत हे दिसतंय. माझ्याकडे आले की लगेच उठू." आणखी पंधरा मिनिटांनी आले. किल्ली घेताना तो हसून म्हणाला, "मलाही धाकधूक होती. पैसे गेले आणि तुम्ही नाही म्हणालात तर?" तो खरा माणूस होता, आणि खरा होता म्हणूनच थांबायला त्याची काही हरकत नव्हती.

त्या पाऊण तासात जे शिकले, तेच तुम्हाला आणि तुमच्यासारखं कुणाला गाडी विकायची असेल त्यांना सांगते. समोरच्याच्या फोनवर काय दिसतं याला काही किंमत नाही. पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट कुणीही दोन मिनिटांत बनवतो. खऱ्या ॲपसारखं दिसणारं आणि हिरवी खूण उमटवणारं नकली ॲपही असतं. तुमच्या फोनवर आलेला मेसेजसुद्धा पुरावा नाही, कारण पाठवणाऱ्याच्या जागी बँकेचं नाव घालता येतं आणि तो मेसेज बँकेच्या खऱ्या मेसेजांच्या रांगेत जाऊन बसतो. तुमच्या फोनवर आला आहे तोही असाच असू शकेल. आपलं बँकेचं ॲप आपण स्वतः उघडायचं, किंवा काउंटरवर विचारायचं. मेसेजमधल्या लिंकवरून कधीच आत जायचं नाही.

पैसे कशाने घ्यावेत? मोठ्या रकमेला खात्यातून खात्यात थेट हस्तांतर हे मला सगळ्यात बरं वाटतं, पण दोन्ही माणसं समोरासमोर असताना. आणि पाठवणारं खातं घेणाऱ्याच्याच नावाचं हवं. ही अट बऱ्याच जणांना नको तितकी काटेकोर वाटते. पण "माझ्या मित्राच्या खात्यातून पाठवतो" म्हणणाऱ्याचे पैसे कधी कधी तिसऱ्याच फसलेल्या माणसाचे असतात. ते खरोखर तुमच्या खात्यात येतात, गाडी जाते, आणि महिन्याभराने त्या माणसाच्या तक्रारीवरून तुमचं खातं गोठवलं जातं. पैसे खरे असले तरी ते चोरीचे असू शकतात. म्हणून ओळखपत्रावरचं नाव, खात्यावरचं नाव आणि विक्रीच्या कागदावरचं नाव, तिन्ही एकच असायला हवं.

बँकेचा ड्राफ्ट चेकपेक्षा भरवशाचा, हे खरं. पण तो छापताही येतो. तो काढला जाताना शाखेत स्वतः हजर राहा, नाहीतर ज्या बँकेने तो दिला तिला तुम्ही शोधलेल्या नंबरवर विचारा. ड्राफ्टवर छापलेल्या नंबरवर फोन केला तर पलीकडून त्याचाच भाऊबंद बोलेल. रोख घ्यायची असेल तर बँकेतच मोजून तिथेच भरा, म्हणजे नोटा खऱ्या की खोट्या तेही कळेल. अनेक देशांत मोठ्या रोख व्यवहारांवर बंधनं आहेत, तेही आधी पाहून घ्या. गाडी पोचेपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवू, असं कुणी सुचवलं आणि त्यासाठी वेबसाइटही त्यानेच दिली, तर ती त्याचीच असते. असा तिसरा हवाच असेल तर तो तुम्ही निवडा.

आणखी एक, कारण तुमच्या वयाच्या बऱ्याच जणींची पत्रं यावरून येतात. "पैसे घ्यायला हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका." क्यूआर कोडचा जन्म गाडीच्याच धंद्यातला, 1994 साली जपानच्या डेन्सो या कंपनीत, सुट्या भागांचा माग ठेवायला. आज त्याच चौकोनाने लोकांची खाती रिकामी होतात. पैसे घेताना पिन लागत नाही. पिन टाकायला सांगितला, की पैसे तुमच्याकडून जाणार. ओटीपीचंही तसंच. "मी मदत करतो, हे ॲप घ्या आणि तुमची स्क्रीन मला दिसू द्या" असं म्हणणाऱ्याचा फोन तिथल्या तिथे ठेवायचा.

कागदांबद्दल थोडंसं. ओळखपत्राची प्रत द्यावी लागली तर तिच्यावर आडवं लिहा: फक्त या गाडीच्या विक्रीसाठी, आणि तारीख. गाडीचे मूळ कागद फोटो काढून कुणाला पाठवू नका, जाहिरातीतही टाकू नका. सह्या केलेले कोरे फॉर्म तर मुळीच नाहीत. आणि नाव बदलण्याचं "मी नंतर बघतो" असं घेणारा म्हणाला तरी मान्य करू नका. कागदावर तुमचं नाव असेपर्यंत दंडाच्या नोटिसा तुमच्याच नावाने येतील, त्या गाडीने उद्या अपघात केला तर पोलिसही आधी तुमच्याच दारात येतील. विकल्याची खबर नोंदणी कार्यालयाला तुम्ही स्वतः द्या, पोच घ्या, विम्याचंही त्याच दिवशी करा. किल्ली देतानाची तारीख आणि वेळ विक्रीच्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

आता अपमानाचं. तुम्ही लिहिता, नाही म्हणायला जीभ रेटत नाही. मग माणसाला नाही म्हणूच नका, पद्धतीला हो म्हणा. त्याला एवढंच कळवा: "चेक पूर्ण वटल्याचं बँकेने सांगितल्याशिवाय मी गाडी देणार नाही आणि कुणालाही पैसे पाठवणार नाही. चेक परत घेऊन तुम्ही स्वतः बँकेत येऊन पैसे भरलेत तर मला चालेल." याच्यापुढे एक शब्द नको, खुलासा नको. मुलाचं नाव पुढे करू नका, नाहीतर तो मुलाबद्दल बोलायला लागेल. त्यानंतर काय होतं ते बघा. खरा असेल तर थोडा नाराज होऊन का होईना, मार्ग काढेल. नसेल तर आवाज बदलेल. आधी काकुळती, मग घाई, मग "माझे पैसे तुमच्याकडे अडकलेत, पोलिसांत जाईन" अशी धमकी. तसं झालं तर घाबरून पैसे "परत" पाठवू नका. हाही त्याच खेळाचा भाग आहे. चेक वटलाच नसेल, तर परत पाठवण्यासारखं तुमच्याकडे त्याचं काहीच नाही. वटला असेल, तर तो उलटवण्याचं काम दोन बँकांचं आहे, तुमचं नाही.

मुलावर रागावलात, असंही तुम्ही लिहिलंय. तो फोनवर ओरडला, ते चुकलंच. पण सोमवारी बँकेत त्याला बरोबर न्या. अशा वेळी शेजारी आपलं माणूस असलं की घाई कमी होते.

आणि मग पहिल्या माणसाला फोन करा. त्याने सांगितलेली किंमत तशीच घ्या असं मी म्हणत नाही. ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी तपासून घ्या, तशाच इतर गाड्या काय किमतीला जाताहेत ते मुलाला बघायला सांगा, आणि कुठे थांबायचं तो आकडा आधी कागदावर लिहून ठेवा. त्याला चक्कर मारून बघायची असेल तर त्याचा परवाना आधी बघा, दिवसा द्या, आणि मुलाला शेजारी बसवा. व्यवहार बँकेत.

गाडी द्यायच्या आदल्या दिवशी ती आतून एकदा नीट रिकामी करा. डॅशबोर्डच्या खणात जुनी बिलं असतात, त्यांवर घरचा पत्ता असतो. गाडीच्या स्क्रीनला यजमानांचा फोन जोडलेला असेल तर त्यातले नंबर आणि घराचा रस्ता मुलाकडून पुसून घ्या. ती वही मात्र गाडीबरोबर द्यायची की ठेवायची, हे तुमचं तुम्ही ठरवा. गाडीचा इतिहास म्हणून घेणाऱ्याला तिचा उपयोग आहे, आणि त्याने ती किती लक्षपूर्वक वाचली ते तुम्ही पाहिलंच आहे. त्याला सर्व्हिसिंगच्या पानांच्या झेरॉक्स दिल्या तरी त्याचं भागेल.